नाचाकडे पाठ करून

मित्रहो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. कंबोडियातला तो जगप्रसिद्ध ख्मेर नाच सुरू झाला तेव्हा माझी पाठ स्टेजकडे होती. हातात प्लेट, समोर बुफेची रांग, आणि माझ्या पुढचे गृहस्थ भात घ्यावा की नूडल्स या प्रश्नावर व्हायव्हाला बसल्यासारखे विचार करत उभे. मागे वाद्यं वाजायला लागली, टाळ्या झाल्या. मी मान वळवून बघितलं, तीन-चार मुली तबकातली फुलं प्रेक्षकांच्या दिशेने उधळत होत्या. "अरे, सुरू झालं वाटतं," असं म्हणून मी रांगेत एक पाऊल पुढे सरकलो.

तो स्वागताचा आणि आशीर्वादाचा नाच होता हे मला नंतर कळलं. आशीर्वाद घ्यायचा सोडून मी स्प्रिंग रोल घेत होतो!

सियेम रीप हे अंगकोरच्या देवळांशेजारचं गाव. तिथे जाणारा बहुतेक प्रत्येक प्रवासी एका संध्याकाळी असा 'डिनर शो' बघतोच. दिवसभर देवळं पायाखाली घालायची, संध्याकाळी आंघोळ करून जेवण आणि जेवणाबरोबर तासाभराचा नाच. मी, मामा आणि मामी असे तिघं होतो. मामा सिव्हिलवाला, आयुष्य साईटवर गेलेलं. त्याने विमानातच जाहीर केलं होतं, "हे सगळं आपल्याकडूनच गेलंय बरं का! रामायण आपलं, समुद्रमंथन आपलं, अप्सरा आपल्या. आपण आपलाच माल बघायला चाललोय." मलाही ते शंभर टक्के पटलेलं होतं. निघताना होस्टेलवर मी स्वतः असंच काहीतरी ठोकून आलो होतो.

आता आधी जेवणाबद्दल, कारण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी माझं लक्ष आधी तिकडेच होतं. ख्मेर भाषेत जेवणे याला 'न्याम बाय' म्हणतात, शब्दशः भात खाणे. म्हणजे आपलं आणि त्यांचं इथे तरी जमायला हरकत नाही. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे आमोक. केळीच्या पानाच्या द्रोणात मासा, नारळाचं दूध आणि वाटलेला ओला मसाला घालून वाफवायचं. त्या वाटणात गवती चहा, ओली हळद, लसूण आणि आल्याच्या कुळातलं एक कंदमूळ असतं. वरून चमचा घातला की खरवसासारखं लागतं, फक्त तिखटमीठवालं. मला प्रचंड आवडलं. मामीचे मात्र हाल झाले. ती शाकाहारी, आणि तिथे साध्या दिसणाऱ्या भाजीतसुद्धा माशाचा अर्क किंवा 'प्राहोक' नावाची आंबवलेल्या माशांची चटणी असू शकते. शेवटी वेटरने खुणेने खात्री दिलेली एक हिरवी भाजी तिने घेतली. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली नाळीची भाजी!" तळ्याकाठी उगवणारी तीच पोकळ दांड्याची भाजी, लसणावर परतलेली. त्या रात्री मामी भात, नाळीची भाजी आणि कलिंगडावर राहिली.

आम्ही जागेवर आलो तेव्हा स्टेजवर मासेमारीचा नाच चालला होता. मुलांच्या हातात बुडाशी उघड्या विणलेल्या टोपल्या, मुलींच्या हातात सुपासारख्या जाळ्या. थोडी मासेमारी, बरीच छेडाछेडी. असले नाच राजवाड्यातले नव्हेत, खेड्यातल्या जगण्यावरून बसवलेले. आणि कंबोडियात मासेमारीवर नाच असणारच, कारण शेजारीच तोन्ले साप हे भलंमोठं सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग नदीचं पाणी इतकं चढतं की सरोवरातून मेकाँगला जाणारी नदी उलटी वाहायला लागते आणि सरोवर कित्येक पटींनी पसरतं. बुडालेल्या जंगलात मासे वाढतात, पाणी ओसरलं की हाती लागतात. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात हे उदाहरण असतं तर निदान एक प्रश्न तरी मी मनापासून सोडवला असता.

त्यानंतर करवंट्यांचा नाच झाला. दोन्ही हातांत अर्धी अर्धी करवंटी, एकमेकांच्या करवंटीवर टकटक, ताल वाढत जातो. टेबलांवरून चमचे वाजायला लागले. तोपर्यंत सगळं गॅदरिंगसारखं वाटत होतं, मजेचं.

मग निवेदिकेने इंग्रजीतून सांगितलं की आता हनुमान आणि सुवर्णमत्स्या. मामा खुर्चीत ताठ बसला. "बघ, आलं आपलं रामायण."

त्यांच्या रामायणाचं नाव रिआमकेर, म्हणजे रामकीर्ती. राम तिथे प्रेअह रीम, सीता नेआंग सेदा, रावण क्रोंग रीप. गोष्ट अशी. लंकेला जायला समुद्रावर सेतू बांधायचा आहे. वानरं दिवसभर दगड टाकतात, आणि टाकलेले दगड गायब होतात. साईट इंजिनिअर हनुमान चौकशीसाठी पाण्यात उतरतो. (मामा कुजबुजला, "माल साईटवरून जातोच रे, त्रेतायुगातसुद्धा.") खाली बघतो तर मासळ्यांची फौज दगड उचलून नेते आहे आणि त्यांची म्होरकी आहे सोवान मच्छा, सोनेरी मासळी, अर्धी स्त्री आणि अर्धा मासा. ती रावणाची मुलगी. बापाच्या हुकमाने सेतू मोडते आहे. हनुमान तिला धरायला धावतो, ती निसटते. पुन्हा धावतो, पुन्हा निसटते. नाचाचा बहुतेक भाग हा पाठलागच आहे. पांढरा मुखवटा घातलेला हनुमान कोलांट्या मारतो, खाजवतो, लाडीगोडी लावतो. ती शेपटी सावरत अशी सरकते की जमिनीवर पाणी आहे असं वाटावं. आणि मग, मित्रहो, ती त्याच्या प्रेमात पडते. आणि तो तिच्या.

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दर शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस तो! "हे काय भलतंच," एवढंच म्हणाला. मी घाईघाईने त्याला मकरध्वजाची गोष्ट आठवून दिली. आपल्याकडेही हनुमानाला मुलगा आहेच की, घामाचा थेंब मगरीने गिळला आणि त्यातून झालेला. ख्मेर गोष्टीतही हनुमान आणि सोवान मच्छेला मच्छानु नावाचा मुलगा होतो. पण फरक लक्षात घ्या. आपण हनुमानाचं ब्रह्मचर्य सांभाळायला घामाच्या थेंबाची सोय केली. त्यांना तशी गरजच वाटली नाही. त्यांनी त्याला सरळ प्रेमात पडू दिलं, आणि त्या प्रेमापोटी दगड परत आले, सेतू पुरा झाला. वाल्मीकींच्या रामायणात ही मासळी कुठेही नाही. म्हणजे "आपल्याकडून गेलं" हे वाक्य इथे अर्धंच लागू पडतं. मूळ कथा आली असेल, पण पुढचं काम त्यांनी त्यांच्या हिशोबाने केलं. आपला माल बघायला गेलो होतो, आणि समोर जे होतं ते आपलं नव्हतंच.

या गोष्टीनंतर मी खाणं थांबवलं. आमोक संपला होता हेही एक कारण, पण खरंच, मी पहिल्यांदा नीट बघायला लागलो.

स्टेजच्या कडेला वादक बसले होते. या वाद्यमेळाला पिनपीट म्हणतात. होडीच्या आकाराच्या पेटीवर बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या लावलेलं रोनियात, वादकाला वेढा घालून मांडलेल्या लहानमोठ्या घंटांचं वर्तुळ, सनईसारखं स्रलाई, मोठे नगारे, छिंग नावाच्या झांजा, आणि साम्फो हा दोन तोंडांचा ढोल. साम्फो दिसायला साधा, पण मान त्याचा मोठा. लय तो सांभाळतो. नर्तकी स्वतः बोलत नाहीत, गात नाहीत. चेहऱ्यावर भरतनाट्यमसारखे भाव नाहीत, फक्त एक पुसटसं हसू. मग गोष्ट सांगते कोण? हात.

या हातांच्या मुद्रांना 'क्बाच' म्हणतात. त्यातल्या मूळ मुद्रा झाडाच्या जन्मावर आहेत. कोंब फुटतो, पान येतं, फूल येतं, फळ धरतं, फळ पडतं आणि पुन्हा कोंब. पानाच्या मुद्रेत अंगठा तळव्याशी मिटलेला आणि चारही बोटं एकत्र ताठ होऊन मागे, मनगटाच्या दिशेने वळलेली. मागे म्हणजे किती मागे? टेबलाखाली मी माझी बोटं वाकवून बघितली. दुखलं. लहानपणापासून, हाडं कोवळी असतानाच, रोज बोटं दाबून, कोपर उलटं करून हे शरीर घडवावं लागतं. गुडघे वाकवून, पायाची बोटं वर उचलून तासन् तास चालायचा सराव असतो. एक पाय मागे उचलून तळवा आभाळाकडे केला की ती उडते आहे असं समजायचं.

परंपरेने चार प्रकारच्या भूमिका असतात: स्त्री, पुरुष, राक्षस आणि वानर. लहानपणी मुलीची ठेवण बघून तिला एक भूमिका दिली जाते आणि ती बहुधा जन्मभर तीच करते. राजवाड्यातल्या नाचात पुरुष आणि राक्षससुद्धा बायकाच करत. वानरांची कामं विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुरुषांकडे गेली. कपडे तर अंगावरच शिवतात! म्हणजे प्रयोगाच्या आधी नर्तकीला उभं करून चोळी तिच्या मापाने सुईदोऱ्याने टाचायची, प्रयोग झाला की दोरे उसवायचे.

शेवटचा नाच अप्सरेचा. मधली नर्तकी पांढऱ्या वेशात, बाकीच्या तिच्याभोवती. तिचं नाव मेरा. ख्मेर आख्यायिकेत कंबु ऋषी आणि मेरा अप्सरा यांच्यापासून त्यांचा वंश सुरू होतो, आणि कंबुज हे नाव त्या कंबुवरून. संगीत एकदम संथ झालं. मेरा एका पायावर, गुडघा वाकवलेला, दुसरा पाय मागे उचललेला, अशी थांबली. तेवढ्यात आमच्या आणि तिच्या मधून एक वेटर आइस्क्रीमच्या वाट्यांचा ट्रे घेऊन गेला. पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी फोन वाजला. मी मनात मोजत होतो. अकरा सेकंद. ती हलली नाही, ते पुसटसं हसूही हललं नाही. चारशे माणसं चावत होती, आणि ती उडत होती.

आता यातली गंमत अशी की हा अप्सरा नाच, जो 'हजार वर्षं जुना' म्हणून दाखवला जातो, तो या रूपात विसाव्या शतकाच्या मध्यात बसवला गेला. राजा नरोदोम सिहानुक यांच्या आई, राणी कोसमाक, यांनी अंगकोरच्या भिंतींवरच्या शिल्पांवरून वेश आणि मुकुट घेऊन तो उभा करवला. त्यात पहिली अप्सरा म्हणून गाजली ती त्यांची नात, राजकन्या नरोदोम बुप्फा देवी. मुद्रा जुन्या, घराणं जुनं, राजवाड्याची परंपरा जुनी. १९०६ साली राजा सिसोवाथ यांच्याबरोबर या नर्तकी फ्रान्सला गेल्या तेव्हा शिल्पकार रोदँ इतका वेडा झाला की त्यांच्यामागे मार्सेयपर्यंत गेला आणि त्याने त्यांची सुमारे दीडशे चित्रं काढली. पण ही विशिष्ट रचना आपल्या आजीच्या पिढीतली. हे कळल्यावर मला आधी जरा फसवल्यासारखं वाटलं. मग पुढचं वाचलं आणि ती तक्रार मागे घेतली.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने राजधानी नोम पेन्ह घेतली. शहरं रिकामी केली, सगळ्यांना शेतांवर हाकललं. ७ जानेवारी १९७९ ला ती राजवट पडेपर्यंत अंदाजे सतरा लाख माणसं मेली. उपासमार, आजार, अतिश्रम आणि सरळसरळ कत्तल. दर चार-पाच माणसांमागे एक. राजवाड्याशी संबंध असलेल्या कलाकारांना तर जिवंत राहण्यासाठी आपण कोण हे लपवावं लागलं. दहातले नऊ कलाकार गेले असं सांगितलं जातं.

इथे आपल्या वर्कशॉपची आठवण काढतो. फर्स्ट इयरला फाइलिंगचा जॉब आठवतो ना? जर्नलमध्ये कानस कशी धरावी याची आकृती होती, मी ती सुबक काढलीही होती. तरी जॉब प्रत्येक वेळी कडेला उतरायचा. शेवटी वर्कशॉपच्या मामांनी मागे उभं राहून माझी दोन्ही मनगटं धरली, चार वेळा पुढे-मागे केली, आणि जॉब सपाट झाला. ते चार झटके कुठल्याही जर्नलमध्ये नाहीत. आता अशी कल्पना करा की विद्येची विद्या अशीच आहे, मनगटातून मनगटात जाणारी, आणि चार वर्षांत दहातली नऊ मनगटं गेली. शिवाय प्रत्येकीला एकच भूमिका येणार! राक्षस करणारी गेली की राक्षसच गेला. बॅकअप नाही.

वाचलेल्यांपैकी एक होत्या चेआ सामी. लहानपणीच राजवाड्यात नाच शिकायला गेलेल्या. त्यांचे यजमान राजवाड्यात नोकरीला होते, आणि यजमानांचा धाकटा भाऊ शाळेसाठी काही वर्षं त्यांच्याच घरी राहिला होता. त्याचं नाव सालोथ सार. पुढे जगाला तो पोल पोट या नावाने माहीत झाला, ख्मेर रूजचा प्रमुख. या नवराबायकोलाही बाकीच्यांसारखंच खेड्यात हाकललं होतं. सगळ्यांना राबवणारा तो सर्वोच्च नेता म्हणजे आपलाच दीर, हे त्यांना १९७८ मध्ये सामुदायिक भोजनघरात लावलेला फोटो बघून कळलं. अमिताव घोष यांनी त्यांना भेटून हे सविस्तर लिहिलं आहे. १९७९ नंतर याच चेआ सामींनी वाचलेल्यांना गोळा केलं. कुणाला दोन नाच आठवत, कुणाला एखाद्या नाचाचा अर्धा भाग, कुणाला फक्त गाणं. ते तुकडे जोडत कलाविद्यालय पुन्हा सुरू झालं आणि लहान मुलींची बोटं पुन्हा मागे वळायला लागली. बुप्फा देवी १९९८ ते २००४ सांस्कृतिक मंत्री होत्या, त्याच काळात, २००३ साली, युनेस्कोने या नाचाला मानवी वारसा म्हणून गौरवलं. २०१९ मध्ये त्या वारल्या.

म्हणजे माझ्या प्लेटच्या पाठीमागे जे चाललं होतं ते हे होतं.

हे सगळं एका रात्रीत कळलं नाही, बरंचसं परत आल्यावर वाचलं. त्या रात्री कळलं ते एवढंच की बाहेर आमचा रेमॉर्कवाला थांबला होता. रेमॉर्क म्हणजे मोटरसायकलला जोडलेली छत असलेली गाडी, त्यांची टुकटुक. त्याला आम्ही 'बाँग' म्हणायचो, म्हणजे दादा. मामाने विचारलं, "बाँग, तुम्ही बघितलाय का हा नाच?" तो हसला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला की आत कधी गेलो नाही, तिकीट तुमच्यासाठी आहे. पण मुलगी नऊ वर्षांची आहे, गावच्या पॅगोडाजवळ रविवारी एक बाई शिकवतात, तिथे जाते. तिने अजून करवंट्यांचाच नाच शिकलाय. असं म्हणत त्याने हँडल सोडलं (मामीने जीव मुठीत धरला!) आणि आपला डावा हात वर करून बोटं मागे वळवून दाखवली. काही वळली नाहीत. "माझी नाही होत," म्हणाला, "तिची होतात."

डिनर शोबद्दल लोक नाक मुरडतात. नाच तासाभरात कोंबलेला, अवघड भाग गाळलेले, समोर खाणारे प्रेक्षक. ते खरं आहे, आणि खरा लांबलचक प्रयोग बघायचा तर नोम पेन्हला वेगळी वाट वाकडी करावी लागते. पण कलाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलीला रोज रात्री पगार देणारी जागाही सियेम रीपमध्ये हीच आहे. मला या दोन्हींचा निकाल लावता येत नाही. जाल तेव्हा एवढं करा, सहा-साडेसहालाच जा, आधी जेवून घ्या, आणि पहिलं वाद्य वाजलं की प्लेट खाली ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अंगकोर वाटला गेलो. बाराव्या शतकात राजा सूर्यवर्मन दुसरा याने बांधलेलं विष्णूचं देऊळ, पुढे बौद्धांचं झालं. भिंतीभिंतीवर दगडी स्त्रिया, सतराशेहून अधिक. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळजवळ पन्नास मीटर लांबीचा पट आहे. मध्ये विष्णू, खाली कासव, डावीकडे वासुकीच्या डोक्याकडून ओढणारे ९२ असुर, उजवीकडे शेपटीकडून ओढणारे ८८ देव. आणि वर, घुसळलेल्या समुद्रातून निघालेल्या शेकडो अप्सरा उडताहेत. एक पाय मागे उचललेला, तळवा आभाळाकडे. कालचीच मेरा.

मामा मात्र अप्सरा बघत नव्हता. तो देवांच्या रांगेतून मोजत मोजत अगदी उजव्या टोकाला गेला होता आणि तिथेच थांबला होता. वासुकीची शेपटी ज्याने धरली आहे ते एक भलंमोठं वानर आहे.

"अरे, समुद्रमंथनात हा कुठून आला?" मामाने मला विचारलं.

मी म्हटलं, "मामा, त्यांच्याकडे होता."

मागून चाळीस जणांचा ग्रुप आला, गाईडने झेंडी हलवली, आम्ही भिंतीला चिकटून त्यांना वाट करून दिली. ग्रुप गेला तरी मामा तिथेच उभा होता.